पलूसचं मशीन, वाईचं घर

पलूसच्या दूध संघातल्या सर्व्हरवर जयराज सूर्यवंशींचा जेवढा जीव होता, तेवढा गवळ्यांचा आपल्या म्हशींवरही नसेल. सकाळी कामावर आले की चपला बाहेर काढून ते आधी त्या थंडगार खोलीत शिरत, पेटीवर हात ठेवून ती कितपत तापलीय ते बघत आणि मगच चहाला जात. आसपासच्या सगळ्या गावांच्या दुधाचा हिशेब त्या एका यंत्रात होता, हे खरं. पण तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा रोज हात ठेवायची काही गरज नव्हती, हेही तितकंच खरं.

अशा माणसाची बायको मात्र वाईत. संयोगिता तिथल्या शाळेत शिकवायची. लग्नाला बरीच वर्षं झाली, पण तिची बदली होईना आणि यांची खोली सुटेना. शनिवारी एसटीनं वाई गाठायची, रविवारी दुपारी परत फिरायचं आणि उरलेला संसार फोनवर करायचा, असं चाललेलं.

नव्याण्णव साली पुण्याहून आलेल्या एका माणसानं जयराजांना नवी गंमत दाखवली. दुसऱ्या गावातल्या कॉम्प्युटरवरून फोन लावायचा, मोडेमनं थोडं किंचाळून घेतलं की ब्राउझर उघडायचा, की सर्व्हरच्या सगळ्या नाड्या त्या पानावर हजर. कुणाचा पासवर्ड बदला, काय अडलंय ते बघा, खोलीत पाऊल टाकायलाच नको. हे बघता बघता जयराजांना वाई दिसायला लागली.

संघाचे चेअरमन बिराप्पाआण्णा मात्र सहजासहजी हलणाऱ्यातले नव्हते.

"दसऱ्यापतोर वाईत बसून चालवून दावा," ते म्हणाले. "एकदाबी हितं यायला लागलं न्हाई, तर कायमचं तिकडंच बसा. यायला लागलं, तर ह्यो नाद सोडायचा."

जयराजांनी जुना कॉम्प्युटर घेतला, वाईच्या घरात फोनशेजारी मांडला आणि कामाला बसले. ते दिवस मोठ्या सुखाचे गेले. म्हणजे यंत्राच्या सुखाचे. संयोगिता शाळेतून यायची तेव्हा नवरा घरात असायचा, पण पाठमोरा. भात शिजला का म्हणून सारखं झाकण उचलावं, तसे हे घटकेघटकेला पलूसला फोन लावून पान उघडत. काही बिघडलेलं नसायचं, आणि त्याचंही त्यांना जरा वाईटच वाटायचं.

"तुम्ही आलात खरे," ती म्हणायची, "पण सामान अजून पलूसलाच दिसतंय."

मग खंडेनवमी आली. संघात अवजारं पुजली. पाने, पकडी, दुधाचे काटे, सगळ्यांना हळदकुंकू लागलं, तसं सर्व्हरलाही लागलं आणि वर झेंडूचा हार. पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी कुणी हात लावत नाही. दूधसुद्धा जुन्या मापानं मोजून घेतात. थोडक्यात, यंत्राला सुट्टी होती आणि जयराजांनाही. पण सुट्टी घेणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. आज कुणाचं काम नाही, तर बंद करून पुन्हा सुरू करावं, जरा ताजंतवानं होईल, म्हणून त्यांनी सकाळीच पान उघडलं. तळाशी रीबूट आणि शटडाऊन ही बटणं शेजारी शेजारी होती. जयराजांनी नको ते दाबलं.

पान तिथंच थिजलं. पुन्हा फोन लावला, तर पलीकडे नुसती घंटी वाजत राहिली. बंद पडलेलं यंत्र आता कुणाच्या तरी बोटानंच उठणार होतं, आणि ते बोट पलूसला हवं होतं. त्यांनी घाईनं गेटवरचा फोन लावला. तिथं धोंडिरामनाना होते, लष्करातून निवृत्त होऊन राखणीला बसलेले.

"नाना, खोलीत जाऊन पेटीवरचं बटण तेवढं दाबा."

"पुजल्यालं हत्यार हाय सायेब ते. उद्या सकाळी दाबतो."

"अहो, नुसतं बटणच दाबायचंय."

"बंदुकीचाबी निस्ता घोडाच दाबायचा असतोय," नाना शांतपणे म्हणाले. "आन कवाधरनं घुमत हुतं, आता कसं गप बसलंय. ऱ्हाऊ द्या एक दिस."

एक दिवस राहू द्यायला काहीच हरकत नव्हती. पण जयराजांनी पायात चपला सरकवल्या. संयोगितानं एकदा त्यांच्याकडे बघितलं, पिशवी उचलली आणि न विचारता बरोबर निघाली. सातारा, कराड करत दोघं दिवेलागणीला पलूसला पोचली, तर संघाच्या दारातच बिराप्पाआण्णा. आरतीला आले होते.

"म्हंजे यायला लागलंच," आण्णा म्हणाले.

यंत्राच्या खोलीकडे जाता जाता जयराजांनी झालं ते सगळं सांगून टाकलं.

"यायची काय गरज न्हवती," मागोमाग खोलीत आलेले धोंडिरामनाना म्हणाले. "सकाळी मी दाबणारच हुतो. तसं म्हणलो बी."

"मग आला कशाला?" आण्णांनी विचारलं.

जयराज हारातल्या यंत्राकडेच बघत होते. वाई हातची गेली हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"मी सांगते, आण्णा," संयोगिता म्हणाली. "मागच्या पावसाळ्यात मला टायफॉइड झाला होता. हे इथून रोज फोन करायचे. गोळी घेतलीस का, पेज खाल्लीस का, सगळं विचारायचे. आले नाहीत, कारण इथं यंत्राजवळ कुणी नव्हतं." ती हसली. "मी बरी झालेच की. बायकोला इतकी वर्षं लांबून सांभाळता येतं, मग ह्या पेटीला का येऊ नये?"

आण्णांनी टोपी काढून पुन्हा डोक्यावर ठेवली. "म्हंजे यायला लागलं न्हवतंच. बसा तिकडंच," ते म्हणाले.

जयराजांचा हात सवयीनं पेटीकडे गेला होता. तो त्यांनी मागे घेतला आणि संयोगिताच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली.

"नाना, सकाळी तेवढं तुम्ही दाबा," ते म्हणाले. "आम्ही पहिल्या गाडीनं निघतो. दसरा घरी करायचाय."