नाचणारा म्हातारा

अकरा वर्षं ती दारोदार फिरून लोकांना एकच गोष्ट विचारत होती : ही जाहिरात बघून तुम्हाला काय वाटलं? लोक तिला ‘विचारणाऱ्या बाई’ म्हणत, ऑफिसात ती मावशी. खांद्याला पिशवी, पिशवीत प्रश्नांचे कागद, एक वही आणि जाहिरात दाखवायचा टॅब. कितीतरी दारं तोंडावर आपटली, कुत्री अंगावर आली. पण एकदा का कुणी आत घेतलं की माणूस तिच्याशी खरं बोलायचा, आणि त्याचं बोलणं ती त्याच्याच शब्दांत उतरवून घ्यायची, शिव्यांसकट.

त्या वर्षी मोठ्या माणसांच्या डायपरची जाहिरात आली. टीव्हीवर जाण्याआधी ती साठ घरांत दाखवून बघायची होती. मावशीने ती ऑफिसात पहिल्यांदा पाहिली. पांढरेशुभ्र केस, सगळे दात जागच्या जागी, असा एक म्हातारा नातवंडांच्या घोळक्यात उड्या मारतो, कंबर हलवतो आणि आपल्याकडे बघून डोळा मिचकावतो. मागे गाणं : ‘भिजू दे डोळे हसून हसून, बाकी सगळं कोरडं छान!’

तिने सासूचं दोन वर्षं अंथरुणात केलं होतं. ओली चादर ओढून काढताना म्हातारी भिंतीकडे तोंड करून, डोळे गच्च मिटून पडायची.

“कशी वाटली, मावशी?” साहेबांनी विचारलं. लोकांची मतं गोळा करणारी ती छोटी कंपनी त्यांचीच.

“मला नका विचारू. लोकांना विचारून येते.”

“जरा हसतमुखानं विचारा म्हणजे झालं.”

सतरावं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. निवृत्त बसड्रायव्हर, मुलगा, सून आणि दोन नातवंडं. मुलगा कामावर गेला होता. सुनेने बाकीच्यांना बोलावून बसवलं. जाहिरात सुरू झाली तशी पोरं खिदळायला लागली. म्हातारा त्या डोळा मिचकावण्यापर्यंत बघत राहिला. मग खुर्चीचा हात धरून उठला, भिंत चाचपत आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं.

सुनेचा चेहरा उतरला. पोरांना खाली खेळायला पिटाळून ती हळूच म्हणाली, “ताई, तेच वापरतात हो ते. मीच आणते दुकानातून, कागदात गुंडाळून. पोरांना पत्ता नाही.”

मावशी चपला घालत होती, तेवढ्यात आतलं दार उघडलं.

“बाई, लिहून घ्या,” म्हातारा म्हणाला. “तेहतीस वर्षं बस चालवली मी. माझ्या भरवशावर साठ-साठ माणसं घोरत पडायची. आता माझ्या लाजेवर नाच बसवलाय. त्या नाचऱ्याला विचारा, भर दुकानात कधी पॅन्ट ओली झालीय का त्याची?”

तिने वहीत अक्षर न् अक्षर लिहून घेतलं. पुढच्या घरांतही तेच. कुणी ‘शी’ म्हणून मान फिरवली, कुणी म्हणालं, हे ऐन जेवताना लागलं तर आम्ही टीव्हीच बंद करू.

साहेब लाल पेन घेऊन तिने भरून आणलेले कागद तपासायला बसले.

“ ‘शी’ म्हणजे काय, मावशी? ‘चकित झाले’ लिहा. आणि हा उठून गेला तो... ‘भावुक झाला’.”

“अहो, अपमान झाला म्हणून गेला तो!”

“जाहिरात बनवणाऱ्यांना आवडलीय, डायपर कंपनीच्या मोठ्या साहेबांना आवडलीय. मोडता घालणारे आपण कोण? करा सही.”

तिने सही केली.

जाहिरात लागली आणि बरोबर जेवणाच्या वेळेला लागू लागली. दोन महिन्यांत विक्री वाढायची सोडून होती त्याहून खाली आली. डायपर कंपनीने कारण विचारलं, तेव्हा साहेबांनी मावशीला पुन्हा त्याच घरांत पाठवलं.

बसड्रायव्हरच्या सुनेने दार अर्धवटच उघडलं.

“काय सांगू ताई! पोरं दिवसभर ते गाणं म्हणतात, त्यांना काय कळतंय? पण बाबांनी वापरायचंच सोडलं. जुनी चादर फाडून फडकी केलीत. कुणी उठायच्या आत स्वतः धुतात. मांड्या सोलवटल्यात, पण हात लावू देत नाहीत. बाहेर येऊन बसत नाहीत.”

आतून आवाज आला, “कोण आहे गं?”

“कुणी नाही, बाबा.”

मावशी जिन्यात येऊन पायरीवर बसली. त्या जाहिरातीची किळस आलीच, साहेबांच्या लाल पेनाचीही आली. पण खरी शिसारी आली ती स्वतःच्या सहीची.

कंपनीच्या बैठकीला ती हट्टाने गेली. साहेबांनी अहवाल वाचला : जाहिरात पुरेशा वेळा दाखवली गेली नाही, म्हणून लोकांच्या मनात ठसली नाही. मावशी उठली. तिने आपल्या वहीतून म्हाताऱ्याचं बोलणं जसंच्या तसं वाचलं. मग फडक्यांचं सांगितलं, सोलवटलेल्या मांड्यांचंही सांगितलं. साहेबांनी तिच्या पदराला हिसका दिला, तरी ती थांबली नाही.

मग जाहिरात बनवणारा तरुण पेन वाजवत म्हणाला, “पॉइंट आहे. म्हातारा जरा जास्तच म्हातारा झाला. पुढच्या वेळी पन्नाशीचा घेऊ.”

माना डोलल्या. कुणीतरी बिस्किटांची ताटली पुढे ओढली.

“तुमच्या कुणाच्या घरात म्हातारं माणूस नाही का हो?” मावशीने विचारलं. तिने पिशवी साहेबांच्या मांडीवर ठेवली आणि ती बाहेर पडली. फाटकापाशी, माणसं बघत असताना, आयुष्यात पहिल्यांदा ती रस्त्यावर थुंकली.

आता ती एका दवाखान्यात केसपेपर काढून देते. मध्यंतरी तिथे ती सून भेटली, मलम न्यायला आली होती.

“जाहिरात बंद झाली ना?” मावशीने विचारलं.

“झाली की कधीच. पोरंही विसरली,” सून म्हणाली. “बाबा मात्र अजून आतल्या खोलीतच जेवतात.”