रेडिएटरमधली हळद

गुरप्पा मिस्त्रीनं एकतीस वर्षं श्रीपूरला कारखान्याच्या गॅरेजात काढली. ऊस ओढणारे ट्रॅक्टर, जीपा, साहेबांच्या गाड्या, सगळं त्याच्या हाताखालून गेलं. लोक त्याला चांगला म्हणत नसत, पक्का म्हणत. दुसऱ्यानं आवळलेला बोल्ट तो सैल करून पुन्हा आवळायचा. निवृत्त होऊन सोलापुरात विजापूर रोडला राहायला आला, तरी गल्लीतल्या गाड्या त्याच्या दारात येतच राहिल्या. तो पैसे घेत नसे. मिस्त्रीच्या हातचं काम म्हणजे बघायला नको, एवढं कुणी म्हटलं की त्याला पुरायचं.

समोरच्या घरातली श्रीदेवी वळसंगच्या शाळेत शिकवायची. रोज स्वतःच्या गाडीनं जायची आणि वाटेत आणखी दोन शिक्षिकांना घ्यायची. मार्च संपता संपता तिची गाडी तापायला लागली. कुणा मेकॅनिकनं तिला थर्मोस्टॅट काढूनच टाकायला सांगितलं. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम झाल्यावर पाण्याला रेडिएटरकडं वाट देणारी झडप. गॅरेजातले लोक तिला वॉल म्हणतात. सोलापूरच्या उन्हात वॉल हवाय कशाला, असं त्या मेकॅनिकचं म्हणणं. ते ऐकून गुरप्पा भडकला. काढून टाकणं म्हणजे काम नव्हे, कामातून पळणं, असं त्यानं गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं. नवा वॉल आणि पॅकिंग आणायला तो स्वतः सोमशेखरच्या दुकानात गेला, तीन वॉल हातात घेऊन पाहिले आणि त्यातला एक निवडला.

रविवारी सकाळी काम काढलं. वॉलच्या झाकणाला तीन बोल्ट. वरचे दोन सहज निघाले. तिसरा खाली, इंजिनाच्या अंगाला, तिथं हात जेमतेम पोचायचा. बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार चढून जुनं पॅकिंग दगडासारखं झालं होतं. गुरप्पानं वरची बाजू खरवडायच्या लोखंडी पत्तीनं आरशासारखी साफ केली. खालच्या कडेला पोचायचं तर एक पाइप आणखी काढावा लागला असता आणि कमरेत वाकून अर्धा तास खरवडावं लागलं असतं. ऊन डोक्यावर आलं होतं. कंबर दुखत होती. त्यानं त्या कडेवरून बोट फिरवलं. बोटाला खडबडीत लागलं. त्यानं बोट काढून घेतलं, नवं पॅकिंग बसवलं आणि उरलेली कसर भरून निघावी म्हणून खालचा बोल्ट जास्तच जोरात आवळला. पाना एकदम हलका फिरला. बोल्ट धरणारे आतले आटे गेले होते.

हे त्यानं कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी श्रीदेवी शाळेतून आली. गाडी उभी केली त्या शहाबादी फरशीवर थोड्या वेळानं हिरव्या कूलंटचा डाग दिसला, रुपयाएवढा. संध्याकाळपर्यंत बशीएवढा झाला. श्रीदेवीनं विचारलं, तेव्हा गुरप्पानं सांगितलं की भरताना सांडलेलं उतरतंय. तिनं मान डोलावली. तिला खालून वाकून बघावंसंही वाटलं नाही, एवढा तिचा विश्वास.

तिसऱ्या दिवशी दुपारी गल्ली झोपली होती. श्रीदेवी सकाळची शाळा करून आली होती, आणि गाडीची दुसरी चावी रविवारच्या कामापासून त्याच्याकडंच होती. गुरप्पानं स्वयंपाकघरातला हळदीचा डबा घेतला आणि चार मुठी हळद रेडिएटरमध्ये ओतली. जुना उपाय आहे. हळद पाण्याबरोबर फिरते आणि गळक्या फटीत जाऊन बसते. संध्याकाळी फरशी कोरडी होती. त्याची बायको गंगम्मा आमटीला फोडणी द्यायला गेली, तर डबा रिकामा.

"अवो, घरात कुणाचं लगीन लागलंय का?" तिनं विचारलं.

गुडघ्याला लेप लावला म्हणून त्यानं सांगून टाकलं. गंगम्मानं त्याच्या गुडघ्याकडं पाहिलं आणि रिकामा डबा आपटून ठेवला.

हळद घातल्याची लाज एवढ्या थापेवर भागण्यासारखी नव्हती. श्रीपूरला सिद्धराम नावाचा फिटर त्याच्या हाताखाली होता, दोन लेकरांचा बाप. ऐन हंगामात त्यानं एका गळक्या ट्रॅक्टरमध्ये हळद घातली, कारण उसाच्या फडात गाड्या खोळंबल्या होत्या. गुरप्पानं ते पिवळं पाणी बादलीत काढून पाळीवरच्या सगळ्या कामगारांसमोर ठेवलं आणि आमटी केलीस का म्हणून विचारलं. लोक पोट धरून हसले. त्या दिवसापासून सिद्धरामचं नाव हळद्या पडलं. पगाराच्या रांगेत हळद्या, चहाच्या टपरीवर हळद्या. पुढं त्याच्या पोराला शाळेत कुणीतरी हळद्याचा म्हटलं, तेव्हा त्यानं कारखाना सोडला. गुरप्पाला तेव्हा काही वाटलं नव्हतं. कामात हात चोरणारा गेला, एवढंच तो म्हणाला होता.

हळद घातल्यावर नवव्या दिवशी सकाळी श्रीदेवीचा फोन आला. कुंभारीजवळ गाडीचा काटा लाल खुणेवर गेला, बॉनेटमधून वाफ आली. तिनं गाडी लगेच बंद केली होती. समोरच एक गॅरेज होतं, तिथं ढकलत नेली. गुरप्पानं मोपेड काढली आणि वाटभर एकच गोष्ट घोकली, की इंजिन वाचलं असू दे.

गॅरेजच्या दारात श्रीदेवी आणि तिच्या सोबतीच्या दोघी जणी सावलीला उभ्या होत्या. गाडीवर वाकलेला माणूस सरळ झाला. केस पांढरे झाले होते, पण तो सिद्धराम होता. त्याचं एक बोट पिवळं होतं. त्यानं ते अंगठ्यावर चोळलं, नाकाशी नेलं, मग गुरप्पाकडं पाहिलं. मग बोट फडक्याला पुसलं.

"वॉल डुप्लिकेट दिलाय मॅडम, त्यानं पाणी अडलं," तो श्रीदेवीला म्हणाला. "मिस्त्रींचं काम चुकत न्हाय. मी त्यांच्या हाताखाली शिकलोय."

गुरप्पाला सुटल्यासारखं वाटलं. ते जेमतेम एक श्वासभर टिकलं.

श्रीदेवी म्हणाली, "मग आत्ताच जाते सोमशेखरकडं. चार गिऱ्हाइकांसमोर विचारते त्याला. लोकांच्या जिवाशी खेळतो काय."

ती फोनमध्ये रिक्षावाल्याचा नंबर शोधू लागली. गुरप्पाला आपलीच बादली दिसली, पोट धरून हसणारी ती पाळी दिसली. तो म्हणाला, "थांब श्रीदेवी. वॉल चांगला हाय. पॅकिंगची खालची कड मी खरवडली न्हाय. बोल्टाचे आटे बी मीच घालवले. गळायला लागलं तवा हळद घातली. रेडिएटर त्यानंच तुंबलाय."

सोबतीच्या महेश्वरीबाई हसल्या. "हळद? आमी जखमेवर लावतो की."

बाकी कुणी हसलं नाही.

"कधी घातली?" श्रीदेवीनं विचारलं.

"नऊ दिवस झाले."

"नऊ दिवस मी या दोघींना घेऊन जातेय मामा. रोज निघताना तुम्हाला विचारत होते, ठीक आहे ना म्हणून."

शाळेची वेळ होत होती. तिघी जणी एसटीला हात करून निघून गेल्या. जाताना श्रीदेवीनं चावी सिद्धरामकडं दिली.

गुरप्पा सिद्धरामला म्हणाला, "तू खोटं का बोललास?"

"त्या बायकांसमोर तुमाला तसं बघवंना," सिद्धराम म्हणाला. "मला ठाऊक हाय कसं वाटतं."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर गुरप्पाला बरं वाटलं असतं. माफी मागायच्या ऐवजी त्यानं सदरा काढला आणि पत्ती मागितली.

दोघांनी तो पाइप काढला. सिद्धरामनं झिजलेले आटे नवे पाडून जाडा बोल्ट बसवला. गुरप्पा कमरेत वाकून खालची कड खरवडत राहिला, पाऊण तास. मध्ये सिद्धरामनं झालं म्हटलं, तरी तो थांबला नाही. रेडिएटर सात वेळा धुतला, तेव्हा कुठं स्वच्छ पाणी आलं.

दुपारी श्रीदेवी आली. गाडी आता चालेल ना, हे तिनं सिद्धरामला विचारलं. सिद्धरामनं मिस्त्रींकडं बोट केलं. ती वळली नाही, पण थांबली.

"अर्धा तास इंजिन चालवून बघितलंय, गळत न्हाय," गुरप्पा म्हणाला. "तरी उद्या निघायच्या आधी खाली वाकून बघ. माझ्यावर सोडू नको."

"बघीन," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरप्पा खिडकीशी होता. श्रीदेवी बाहेर आली, पर्स बॉनेटवर ठेवली, साडीचा पदर खोचला आणि फरशीवर गुडघे टेकून मोबाइलच्या उजेडात गाडीखाली पाहिलं. मग हात घालून फरशी चाचपली, बोटं डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. कोरडी होती. समोरच्या दाराकडं न बघता ती गाडीत बसली आणि गेली.

गाडी वळणापार होईपर्यंत गुरप्पा पडद्याआडच उभा राहिला.