झेंडूची जागा

"कोन कोनाच्या बाजूले बसला, ते पाह्य आधी," शेजारची मावशी म्हणायची, आणि दोडक्याला खेटून मी लावलेलं कारलं उपटून टाकायची. आमच्या तलावांच्या मुलखातल्या गोरेगावात तिचं नि माझं परस एका कुडाने वेगळं केलेलं होतं. तिच्या जिभेला मात्र कूड नव्हता.

तिच्याकडे कोहळा, मका आणि बरबटी, म्हणजे चवळी, एकाच आळ्यात. "मका उभा रायते, बरबटी त्याच्या खांद्यावर चढते, कोहळा खाली पानं पसरून गवत दाबते. मंग भांडन कायचं?" भोवती झेंडू, कारण त्याच्या वासाने किडे पळतात. कारलं विहिरीपलीकडे एकटं, कारण ते तिला उर्मट वाटे. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. भाजीला जो न्याय, तोच ती माणसांना लावी.

मला ती झेंडू म्हणायची. "तू बोलाले लागला का किडे बी पळतेत." माझ्या बैलाच्या पोटदुखीची हकीकत मी जरा तपशिलाने सांगत असे, एवढंच.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत तिच्या मुलीचं लग्न निघालं. साखर मिळेना, गुळावर भागवलं. घोर वेगळाच होता. तिचे दोघे भाऊ तलावाच्या पाण्यावरून कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. एक जरी मामा पंगतीतून उठला असता, तरी वरपक्षासमोर शोभा झाली असती. आदल्या दिवशी ती मक्याआड डोळे पुसताना मला दिसली. मग कुडाशी येऊन म्हणाली, "उद्या तू दोघांच्या मंधात बस. बैलाचं सांग."

बसलो. पहिल्या घासालाच सुरुवात केली. वरण येऊन गेलं, भात येऊन गेला, माझा बैल अजून आडवाच होता.

शेवटी थोरल्या मामाने माझ्या डोक्यावरून धाकट्याकडे पाहिलं. "काऊन रे, हा बैल मरत काऊन नाही?"

"बैल नाही मरत, दादा," धाकटा म्हणाला. "आपुनच मरतो."

दोघांना हसता हसता ठसका लागला. माझ्या पाठीमागून हात घालून ते एकमेकांच्या पाठी थोपटू लागले. मावशीने माझ्या भातावर तुपाची अख्खी वाटी ओतली. मला जरा रागच आला, कारण वैद्य यायचा भाग अजून राहिला होता.

पुढे मावशी गेली तेव्हा कोहळा फुलावर होता. तेरवीच्या पंगतीत दोघे भाऊ मध्ये एक पत्रावळ रिकामी ठेवून बसले होते.

"ये झेंडू," थोरला म्हणाला. "बैलाचं सांग."

मी बसलो. दोघे वाट पाहत राहिले. मला काही केल्या सुरुवातच आठवेना.