आई तिथं कुणाचं खाणार?

अक्काच्या मणक्याला क्षय झाल्याचं पत्र आलं तेव्हा मी नुकताच बी.ए. झालो होतो. राहुरीजवळच्या देवळालीतल्या आमच्या अख्ख्या भावकीत पहिला. त्यामुळे पत्र कुणी वाचायचं, अर्ज कुणी भरायचे, यावर घरात चर्चाच झाली नाही.

दाजी आधी इथल्या साखर कारखान्यात फिटर होते, तिथून इंग्लंडातल्या एका कारखान्यात लागले. लग्नाला तीन वर्षं झालेली, मूल नव्हतं. आता अक्का छातीपासून कमरेपर्यंत प्लास्टरमध्ये, पाठीवर पडून. दवाखाना दिवाळीपर्यंत ठेवून घेणार होता. तोवर घरी बघायला कुणी बाईमाणूस आलं तर घरी सोडणार, नाहीतर लांबच्या क्षयाच्या दवाखान्यात हलवणार. तिथं दाजींना फक्त रविवारी जाता आलं असतं, आणि अक्काला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. पत्राखाली तिनं पेन्सिलीनं लिहिलं होतं, "आईला पाठवा." झोपून लिहिल्यामुळे ओळ वर चढत गेली होती.

मी कामाला लागलो. पासपोर्टासाठी राहुरीला, नगरला, मुंबईला हेलपाटे घातले. अंगठेबहाद्दर आईला जन्मतारीख कुठली असणार? "मानमोडीच्या साथीच्या मागनं दोन-तीन सालांनी," असं ती सांगायची. तेही तिनं तिच्या आईकडून ऐकलेलं. शेवटी तलाठ्यापुढं प्रतिज्ञापत्र केलं, ते चालेना म्हणून मॅजिस्ट्रेटपुढं केलं. रात्री डोळा लागला तरी रकानेच दिसायचे.

इंग्लंडात शिरायचे नियमही मी वाचून काढले. आईला वाटा तीनच होत्या. नोकरीवर जाणाऱ्यांची, ती आमची नव्हे. लेकरांवर अवलंबून असलेल्या म्हाताऱ्या आईबापांची. पण आई काही तितकी म्हातारी नव्हती आणि माझे वडील, आबा, आणि मी इथं धडधाकट बसलेलो. उरली पाहुण्याची. ठरावीक महिने राहायचं, काम करायचं नाही, परत यायचं. आजारी लेकीच्या उशाशी बसायला जाते, याला कुठल्याही कागदात जागा नव्हती. आणि पाहुण्याला तिथं कोण पोसणार, हे लेखी लागायचं.

दाजींनी तसं लिहून पाठवलंही होतं. सासूबाईंच्या राहण्याखाण्याचा भार माझ्यावर, खाली सही, कारखान्याच्या साहेबाचा शिक्का. मी ते आबांना वाचून दाखवलं.

"जावई सासूला पोसनार?" आबा खाटेवरून उठलेच. "अजून लेकीला मूल न्हाई, तिच्या घरचं पानी सुदिक चालत न्हाई आपल्याला. आन हे सरकारात लिहून द्यायचं?"

"नियम आहे आबा."

"मग तुझी पदवी काय चुलीत घालायची? तू लिव्ह की. आमी खमके हाओत म्हनावं."

खरं सांगायचं तर मलाही ते पत्र बोचत होतं. मी शिकलेला भाऊ, आणि माझ्या आईच्या भाकरीची हमी दाजींनी द्यायची? मी स्टँपपेपरवर सुरेख इंग्रजीत लिहिलं: आईचा सर्व खर्च आम्ही येथून करू. दाजींचं पत्र ट्रंकेत ठेवलं. हे शहाणपण माझंच, आबांवर ढकलत नाही.

मुंबईत इंग्लंडच्या वकिलातीच्या कचेरीत आम्ही सकाळपासून बसलो. आई दर थोड्या वेळानं विचारायची, "आपला लंबर गेला तर न्हाई?" आत गोरा साहेब आणि शेजारी मराठी दुभाषी. साहेबानं माझा कागद वाचला आणि मला इंग्रजीत विचारलं, "इथून पैसे पाठवणार ते कसे?"

रुपये असे बाहेर पाठवता येत नाहीत, हे बी.ए.च्या अर्थशास्त्रात मी पाठ केलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं.

साहेब दुभाष्याशी काही बोलला. दुभाष्यानं आईला विचारलं, "बाई, तिथं कुणाचं खाणार?"

आई ताठ झाली. "लेकीच्या जिवावर बसून खायला मी काय लुळी हाय व्हय? मिळंल ते काम करीन की."

दुभाष्यानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि जसंच्या तसं सांगितलं. साहेबानं कागद परत सरकवले. तिथल्या माणसाची हमी आणा, मग बघू. पुढची तारीख अठरा दिवसांनंतरची.

बाहेर फुटपाथवर आईनं विचारलं, "काय म्हनला त्यो?"

मी सांगितलं.

"मग दाजींचं पत्तर?"

"घरी आहे."

"कुनी ठिवलं?"

"आबांना पटलं नव्हतं..."

"आबा जानार हायती का मी?"

एस.टी.त नगर मागं पडल्यावर ती म्हणाली, "माझी पोर तिथं येकली वर बघत पडलीया, आन तुमी दोघं हितं मिशा कुरवाळीत बसलाव."

ते अठरा दिवस मी घरात टिकलोच नाही. उगाच स्टँडवर जायचो, पोस्टात जायचो, परत यायचो.

दुसऱ्या वेळी दाजींचं पत्र पुढं ठेवलं. दुभाष्यानं तोच प्रश्न विचारला. आईनं पदर सारखा केला.

"जावयाचं खाईन."

"काम करणार?"

"न्हाई. लेकीपाशी बसन."

शिक्का बसला. आईनं खाली मान घातली ती जिना उतरेपर्यंत वर केली नाही.

आई तिथं पोचली त्याच्या सहा दिवस आधी अक्काला त्या लांबच्या दवाखान्यात हलवलं होतं. परत घरी आणायला डॉक्टरांनी पाच आठवडे घेतले. तेवढे रविवार आई दाजींबरोबर गाडीनं जायची, तासभर बसायची आणि घंटा झाली की उठायची. बाकीचे दिवस अक्का तिथं कुणाशी बोलत होती, मला माहीत नाही.

अक्का पुढं बरी झाली, आता चालते. आईला उशीर का झाला, तर एक कागद कमी पडला होता, एवढंच तिला माहीत आहे. आईनं कधी जास्त सांगितलं नाही. कागद कमी पडला नव्हता, अक्का. तो ट्रंकेत होता आणि मीच ठेवला होता.