टायरच्या आतून बोट फिरवायचं राहिलं

देवीने त्या दिवशी मला बोलावलं होतं की अर्ध्या वाटेवरून परत पाठवलं होतं, हे मला आजही नीट सांगता येत नाही. कुणी म्हणेल, टायरमध्ये तार घुसली, ट्यूब बसली, त्यात देवीचा काय संबंध? बरोबर आहे. मी स्वतःही असंच म्हणणाऱ्यांपैकी आहे. तरी जसं घडलं तसं लिहितो, कारण मनातली चुटपुट काही केल्या जात नाही.

मी पामला राहतो आणि बोईसरच्या एका कारखान्यात कामाला आहे. शिफ्टला जातो-येतो ते सायकलने. कारखान्यांकडच्या रस्त्याची कड म्हणजे लोखंडाचा कीस, काचा आणि ट्रकच्या फाटलेल्या टायरांतून निघालेल्या केसासारख्या तारा. तिथे पंक्चर न होता वर्षानुवर्षं सायकल चालवायची तर डोकं लागतं, आणि ते माझ्याकडे आहे असा माझा तोरा होता. नव्या पोरांना मी थांबवून शिकवत असे. हवा टणक ठेवा, कडेने सरपटत जाऊ नका, हातभर आतून चालवा. पंक्चर झालंच तर नुसती ट्यूब बदलून मोकळे होऊ नका. आधी टायरच्या आतून सावकाश बोट फिरवा. टोचणारं आत राहिलं तर नवी ट्यूबही जाणार. माझी बायको मुरब्याची, कोळ्यांची मुलगी, बोलायला खमकी. ती म्हणायची, "सगळ्या गावाचं पंक्चर तुमाला दिसतं. घरात काय चाललं हाय ते कदी दिसणार?" मी हसून सोडून द्यायचो.

घरात काय चाललं होतं ते मला खरोखरच उशिरा दिसलं. तिच्या पोटात दुखत होतं आणि ती ते अंगावर काढत होती. गेल्या मार्गशीर्षात तपासलं तेव्हा गाठ निघाली. साधी आहे की वाईट, ते काढून तपासल्यावरच कळेल, असं डॉक्टर म्हणाले. मी घाबरलो. पण बायकोसमोर घाबरायचं कसं, म्हणून मी नवस बोललो, तोही मनातल्या मनात. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी स्वतःच्या पायाच्या बळावर, कुणाची मदत न घेता, सायकलने केळव्याच्या शितळादेवीला जाईन, तिची ओटी देईन आणि तिथलं कुंकू आणून बायकोच्या कपाळाला लावीन, मगच तिला आत नेऊ देत.

ऑपरेशन दुपारी होतं. पहाटे मेव्हणी बोईसरच्या दवाखान्यात आली आणि मी ओटीची पिशवी घेऊन निघालो. तेव्हा बायकोला नवसाचं सांगितलं. तिला आनंद होईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "आज नका जाऊ. माज्याजवळ बसा. देवी काय पळून जाते हाय?" मग हात पुढे करून म्हणाली, "ह्या बांगड्या काढायला सांगितल्यात. तुमी साबण लावून काढा. फुटता कामा नाय." हातात हिरवा चुडा होता. मी म्हटलं, "अगं, दहाच्या आत आलोच. आल्यावर काढतो." हात तिने परत चादरीखाली घेतला.

उमरोळीच्या पुढे मागचं चाक बसलं. मी चिडलो, पण घाबरलो नाही, दुसरी ट्यूब जवळ होती. उतरलो, ट्यूब बदलली, हवा भरली आणि निघालो. टायरच्या आतून बोट फिरवलं नाही. घाई होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय? पालघर ओलांडून माहीमच्या रस्त्याला लागलो आणि पुन्हा तेच. आता देवी माझी परीक्षा बघते आहे असं वाटायला लागलं आणि मला चेवच आला. परीक्षेत मी नापास होणार नव्हतो. ठिगळ लावलं, ते सुकायलासुद्धा नीट वेळ दिला नाही, टायरवरून वरवर हात फिरवला आणि पुन्हा दामटली. थांबवणारा एकदा थांबवतो, दोनदा थांबवतो, हे डोक्यातच आलं नाही.

माहीमच्या अलीकडे तिसऱ्यांदा चाक जमिनीला टेकलं तेव्हा ठिगळं संपली होती. नारळाच्या वाडीच्या कुंपणाला सायकल टेकवून मी मटकन खाली बसलो. तेवढ्यात मेव्हणीचा फोन आला. "भावोजी, कुठे आहात? आधीच्या पेशंटचं आज होत नाहीये, ताईला आत्ताच आत घ्यायचं म्हणतायत." केळवं पुढे होतं, बोईसर मागे, आणि मी दोन्हीकडचा नव्हतो. त्या रस्त्यावर मी रडलो. सांगायला लाज कसली?

पलीकडे एक म्हातारी कोळीण टोपली पायाशी ठेवून रिक्षाची वाट बघत होती. ती उठून माझ्याजवळ आली. "काय झालं रे?" मी सगळं सांगितलं, नवससुद्धा. तिने नीट ऐकून घेतलं आणि सरळ म्हणाली, "बाई आत चालली नि तू हितं टायर धरून बसलायस? दे ती ओटी. मी केळव्यालाच चालले हाय."

मी म्हटलं, "मावशी, माझ्या हाताने द्यायचा नवस आहे."

"ओटी बायांनी भरायची असते. तुज्या हाताचं काय एवढं?" असं म्हणून तिने हात पुढे केला. "नाव सांग तिचं. तिच्या नावानं भरते."

पिशवी सोडताना माझी बोटं सुटेनात. खण, नारळ, तांदूळ, आणि माझा सगळा तोरा त्यात होता. मग बायकोने सकाळी पुढे केलेला हात आठवला आणि पिशवी दिली. नाव सांगितलं. तिचं नाव विचारायचं सुचलं नाही. तिनेच रस्त्याच्या मध्ये उभं राहून एक टेम्पो थांबवला. तो बर्फ आणायला बोईसरला चालला होता. तिने ड्रायव्हरला दोन शब्द सांगितले आणि त्याने मला सायकलसकट मागे घेतलं. वळून बघितलं तेव्हा ती पिशवी टोपलीत ठेवून पुन्हा रिक्षाची वाट बघत उभी होती. टेम्पोत आयुष्यात पहिल्यांदा मी देवीकडे काहीच मागितलं नाही. तू बघ, एवढंच म्हटलं.

पोचलो तेव्हा ऑपरेशनच्या खोलीचं दार बंद झालं होतं. मेव्हणीने माझ्या हातात रुमाल दिला. रुमालात बांगड्या होत्या, त्यातली एक फुटलेली. "ताई काढूच देत नव्हती. सारखी दाराकडे बघत होती. ते येऊन काढतील म्हणाली. सिस्टर तरी किती थांबणार?" मी रुमाल हातात धरून दाराबाहेरच्या बाकावर बसलो. सकाळी मी असाच तिच्याजवळ बसू शकलो असतो, आणि तिला तेवढंच हवं होतं.

गाठ पुढे तपासणीत साधी निघाली. त्या दिवशी बायको शुद्धीवर आली तेव्हा मी जवळ होतो. तिने मला बघितलं, मग स्वतःचा मोकळा हात बघितला आणि डोळे मिटले. रागावली असती तर बरं झालं असतं. ती बरी होऊन घरी आल्यावर मी एकदाचं ते टायर उलटं केलं आणि आतून बोट फिरवलं. बारीक तार बोटात घुसली. उमरोळीलाच हे केलं असतं तर? तर कदाचित केळवं करून वेळेत परतलोही असतो. पण ती जवळ बसा म्हणाली होती, आणि मी उठलो होतो. ते काही तारेने केलेलं नव्हतं.

ती हिंडू-फिरू लागल्यावर आम्ही दोघं रिक्षाने केळव्याला गेलो. देवळाबाहेर मी प्रत्येक कोळणीच्या तोंडाकडे बघत होतो. ती मावशी दिसली नाही. बायकोने ते ओळखलं. म्हणाली, "ओटी पोचली का नाय, तेच तुमच्या मनात हाय ना? पोचली."

"कशावरून?"

"मी हितं हाय ना."

मी ज्या हातांवर एवढा भरवसा ठेवला होता, त्यांना ना टायरमधली तार वेळेत सापडली, ना एक बांगडी सांभाळता आली. आणि जे माझ्या हातून सुटलं, तेच देवीपाशी नीट पोचलं. त्या मावशीचे उपकार मी कुठे फेडणार? ती कोण होती, हे मी आता शोधत नाही.

त्या सकाळपासून "माज्याजवळ बसा" असं मात्र बायको मला एकदाही म्हणालेली नाही. केळव्याला गेलो त्या दिवशीही म्हणाली नाही. दर्शन झाल्यावर ती सभामंडपात खांबाला टेकून बसली. मी समोर उभा राहिलो. थोड्या वेळाने तिने शेजारी ठेवलेली पिशवी उचलून मांडीवर घेतली. त्या मोकळ्या जागेत मी जाऊन बसलो.