परक्या देशात परीक्षा

येमेनमधल्या डोंगरातल्या त्या गावी मी इंग्रजी शिकवायला गेलो, तेव्हा माझं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती आणि मुलगी नुकती चालायला लागली होती. साल नव्वदच्या पुढचं. घनसावंगी तालुक्यातल्या हायस्कुलात मी तात्पुरता मास्तर होतो. दर उन्हाळ्यात नोकरी जायची, जूनमध्ये पुन्हा मिळायची, कधी मिळायचीही नाही. म्हणून तिकडच्या सरकारी शाळेचा करार हाती आल्यावर मी फार विचार केला नाही. बायको एवढंच म्हणाली, "जा. पण बाजाराच्या दिवशी फोन करत जा. मी कुंभार पिंपळगावच्या एसटीडीवर येऊन बसत जाईन."

पहिले महिने बरे गेले. अरबी येत नव्हती, पण जालन्याच्या बाजारात ऐकलेली दखनी कामी आली. किताब, वक्त, इम्तिहान, हिसाब हे शब्द तिथंही तेच होते. पोरांना 'प' म्हणता यायचा नाही. पेनला बेन, पेपरला बेबर. मला ते नवं नव्हतं. आमच्याकडची पोरं स्कूलला इस्कूल म्हणायची, त्यांच्याही जिभा मी अशाच वळवल्या होत्या. वर्गातली मोठी पोरं कमरेला खंजीर लावून यायची. आपल्या मराठीत जंबिया म्हणतात, तोच. पहिल्या दिवशी फळ्याकडे तोंड करून लिहिताना माझ्या पाठीला घाम फुटला होता. पुढं सवय झाली.

वार्षिक परीक्षेला मी एका खोलीवर देखरेखीला होतो. खिडकीजवळच्या बाकावर एक दाढी-मिशीवाला माणूस खाली मान घालून लिहीत होता. ती जागा माझ्या वर्गातल्या एका पोराची होती. मी जवळ गेलो. हा तो नव्हताच.

"तू कोण?"

"मी तोच," तो वर न बघता म्हणाला.

"उठ."

खोलीतल्या सगळ्या लेखण्या थांबल्या. तो सावकाश उठला, माझ्या तोंडाजवळ तोंड आणून म्हणाला, "उस्ताद, आमच्या घरच्यांना तू ओळखत नाहीस." आणि निघून गेला. तो त्या पोराचा चुलतभाऊ होता, हे मला नंतर कळलं.

मुख्याध्यापकांनी मला ऑफिसात बोलावलं. भला माणूस होता. त्यानं आधी दार लावून घेतलं. "बघितलंच नाही, असं करता आलं नाही का तुला? ही जमीनजुमल्याची, बंदुकांची माणसं आहेत. उद्या येतील."

तो आमच्या गावाकडच्या बाजाराचा दिवस होता. ठरल्याप्रमाणे मी पोस्टातून फोन लावला.

"आवाज असा का येऊन राह्यला तुमचा?" बायकोनं पहिल्याच वाक्याला विचारलं.

"लाइन खराब आहे."

"लाइन न्हाई खराब. काही झालं का?"

"काही नाही. पोरगी कशी आहे?"

ती म्हणाली, "बरी हाये. तुम्ही नीट राहा."

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या आवारात जीप आली. सहा-सात माणसं उतरली, दोघांच्या खांद्यावर बंदुका. पुढं त्या पोराचा बाप. मागं तो पोरगा, मान खाली. शिपायानं मला वर्गातून बोलावून आणलं. मुख्याध्यापक भिंतीला टेकून उभे होते. पळून जायला जागा नव्हती.

बाप माझ्यासमोर आला. त्यानं कमरेचा जंबिया म्यानासकट काढला. माझे डोळे मिटले. उघडले तर तो जंबिया माझ्या पायाशी जमिनीवर ठेवलेला होता. दोन्ही बंदुकाही त्याच्या शेजारी आल्या.

"चूक आमच्या घराची आहे," मुख्याध्यापक त्याचं बोलणं मला सोप्या इंग्रजीत सांगू लागले. "त्यांचा रिवाज आहे. हत्यार तुझ्यापुढं ठेवलं म्हणजे निवाडा तू करायचा. तू म्हणशील ते ते मानतील."

आमच्या गावात चावडीवर निवाडा व्हायचा, तेव्हा माझे आजोबा पायरीखाली उभे राहून तो ऐकायचे. निवाडा सांगणाऱ्यांत आमच्या घरातलं कुणी कधी बसलं नव्हतं. आणि इथं परक्या मुलखात सात माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती.

"सोडून दिलं म्हण," मुख्याध्यापक हळूच पुटपुटले.

मी म्हणालो, "इम्तिहान पुन्हा होईल. पोरगा स्वतः देईल. तोवर रोज दुपारी माझ्या खोलीवर शिकायला येईल."

सोबत आलेला पोराचा चुलता भडकला. परदेशी माणसाच्या दारात रोज जायचं म्हणजे गावभर शोभा, असं काहीतरी तो ओरडला. बापानं हात वर केला, तसा तो गप्प झाला. बापानं जंबिया उचलला, कमरेला लावला आणि मला म्हणाला, "कबूल."

पोरगा रोज यायचा. खंजिरासकट. मान वर करायचा नाही, विचारल्याशिवाय बोलायचा नाही. एका खोलीत आम्ही दोघंच. बाहेर जीपचा आवाज आला की माझं वाक्य मध्येच तुटायचं. तरी हळूहळू तो वाचू लागला. एकदा इंग्रजीतल्या काळांचा नियम बरोबर सांगितला तेव्हा गालात हसलाही. मला वाटलं, जमलं.

फेरपरीक्षेत तो नापास झाला. थोडक्यात, पण नापास. मुख्याध्यापकांनी पेपर माझ्यापुढं सरकवला. "दोन-चार गुण कुठंही बसतील."

मी नाही बसवले. त्या दुपारी बाप पोराला घेऊन आला, बाकी कुणी नाही.

"स्वतः लिहिलं?" त्यानं विचारलं.

"हो. एकेक अक्षर त्याचंच."

"आणि नापास?"

"हो."

"ठीक," तो म्हणाला, आणि पोराच्या खांद्यावर हात ठेवून त्याला घेऊन गेला. त्या घरून मला कधीच त्रास झाला नाही. पण मुख्याध्यापकांनी पुढच्या वर्षासाठी माझं नाव पाठवलं नाही. "तू चांगला आहेस," ते म्हणाले, "पण मला इथं कायम राहायचंय."

जालन्याला उतरलो, घरी आलो. जेवणं झाल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती मुलीला थोपटत ऐकत होती. जंबिया पायाशी ठेवला तिथं तिचा हात थांबला.

"आणि मला म्हणले, लाइन खराब हाये," ती म्हणाली. जरा वेळानं, "मंग द्यायचे व्हते की दोन गुण. कोण बघून राह्यलं व्हतं तिथं?"

"त्याच्या बापानं निवाडा मानला होता. मग मीच कसा मोडू?"

ती मुलीला पुन्हा थोपटू लागली. तिला पटलं की नाही, मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाया विचारायला आल्या, इतक्या लवकर कसे आले म्हणून. मी ओसरीवर बसलो होतो. बायको आतूनच म्हणाली, "त्यांचं मन लागंना तिकडं. मीच म्हणलं, या."