पान त्रेचाळीस

पाचोऱ्यातली ग्रंथजत्रा अठ्ठ्याऐंशी साली शाळेच्या पटांगणात भरली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी 'तालुक्याचे लेखक' हा कार्यक्रम होता, आणि कौतिक सकाळपासून चौथ्यांदा मांडवाबाहेर जाऊन आला होता. बसला की पाय हलायचा, उठला की कुठं जावं कळायचं नाही.

झुलालभाऊंच्या छापखान्यात तो अकरा वर्षं शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, सभेच्या नोटिसा हेच रोजचं काम. सातवीतून शाळा सुटलेली, पण जुळवलेला मजकूर उलटा वाचताना तो कधी अडखळला नाही. म्हणून तर निवृत्त मास्तर तोताराम नानांनी आपल्या आठवणींचं पुस्तक त्याच्या हाती निर्धास्त सोपवलं आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते लेकीकडं सुरतेला गेले.

जत्रा चार दिवसांवर आली तेव्हा कौतिकच्या लक्षात आलं की हस्तलिखितात त्रेचाळिसावं पानच नाही. बेचाळिसाव्याच्या शेवटी नानांची आई, पोरगा धुळ्याला शिकायला निघायच्या पहाटे, चुलीतले निखारे बाहेर ओढते. चव्वेचाळिसाव्यावर एकदम, 'मोटारीत बसेपर्यंत घरात कोणी बोललं नाही.' मधलं काय, ते देवाला ठाऊक. कौतिकनं खोके उपसले, यंत्राखाली पाहिलं, केराची पाटीही उलटी केली. नाना सुरतेला, डोळ्यांवर पट्टी. झुलालभाऊ म्हणाले, "काहीतरी जोड दोन ओळी. जत्रेला पुस्तक पाहिजे."

दोन ओळींच्या अकरा झाल्या. कौतिकनं कागदावर काही लिहिलं नाही, सरळ खिळे उचलत गेला. त्याच्या स्वतःच्या आईनं, तो छापखान्यात शिकायला निघाला तेव्हा, पितळी तांब्यात निखारे भरून सदऱ्याला इस्त्री केली होती. तांब्या जास्त तापला आणि कॉलर करपली. आई म्हणाली, "कॉलरकडे कोन देखस? बाकीना बठ्ठा सदरा चांगला शे." कॉलर कोण बघतं, बाकी सगळा सदरा चांगला आहे, हे बोलणं त्यानं तांब्या-सदऱ्यासकट नानांच्या आईच्या नावावर जुळवलं. त्या दिवसापासून त्याला धड झोप नव्हती.

नाना आले ते ऐन कार्यक्रमाच्या वेळी, डोळ्यांवर नवा जाड चष्मा. पुस्तक त्यांनी आत्ताच हातात घेतलं होतं. कौतिक पाण्याचा पेला घेऊन पुढं झाला. "नाना, एक सांगायचं होतं."

"मागून सांग बाबा. आधी हे पार पडू दे."

नानांनी नेमका तोच भाग काढला. निखाऱ्यांपर्यंत ते खणखणीत वाचत आले. पुढच्या ओळीला थांबले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. लोकांना वाटलं, गहिवर आला. मग एकेक शब्द चाचपत त्यांनी तांब्या वाचला, सदरा वाचला, करपलेली कॉलर वाचली. पुढच्या रांगेत नानांची थोरली बहीण भागाबाई पदरानं डोळे टिपत शेजारणीला सांगत होती, "मी तिथंच होते ना. कॉलर करपल्याचा वास अजून येतो नाकात."

कार्यक्रम संपताच त्यानं नानांना मांडवाच्या मागं गाठलं आणि पान हरवल्यापासून सगळं एका दमात सांगून टाकलं.

नानांनी पुस्तक पुन्हा त्याच पानावर उघडलं. मग म्हणाले, "निखारे तिनं चूल विझवायला ओढले होते. मी जाऊ नये म्हणून. भाकरी करणार नाही म्हणाली, नि नाही केली. उपाशी गेलो मी धुळ्याला."

"चुकलं नाना."

"चुकलंच. तुझ्या आईचं तू स्वतंत्र लिहायचं होतंस. माझी माय अशी नव्हती. ती माझ्याशी सहा महिने बोलली नाही, आणि ते लिहायला मला पन्नास वर्षं लागली."

दुसऱ्या दिवशी नाना नव्यानं लिहिलेलं पान घेऊन छापखान्यात आले आणि स्टूल ओढून कौतिकच्या शेजारीच बसले. अर्ध्यावर आलेला मजकूर हातून निसटला, खिळे फरशीवर विखुरले. नाना खाली वाकून ते गोळा करू लागले. संध्याकाळपर्यंत त्या पानाच्या दुरुस्तीच्या चिठ्ठ्या छापून झाल्या आणि दोघांनी बसून उरलेल्या प्रतींत एकेक घातली. जत्रेत विकल्या गेलेल्या प्रती गेल्या त्या गेल्या.

शेवटची प्रत भागाबाईसाठी बाजूला ठेवली होती. कौतिकनं चिठ्ठी उचलली, तसा नानांनी त्याचा हात धरला.

"आक्काच्या प्रतीत नको."

"पण नाना, खोटं राहील ते."

"तिला ऐंशीवं लागलंय. राहू दे."

कौतिकनं प्रत कागदात बांधून दिली. नाना गेल्यावर त्यानं दिवा लावला आणि उद्याची लग्नपत्रिका जुळवायला घेतली. तीन ओळी झाल्या, चौथीला आईचा तांब्या आठवून हात थांबला. त्यानं ड्रॉवरमधून एक कोरी पावती काढली, उलटी केली, बराच वेळ तिच्याकडं पाहिलं आणि पेन्सिल शोधायला उठला.